गोराईतला जांभ्याचा ड्रम

पहाटे ५:१०

नालासोपाऱ्याहून निघालेली स्लो लोकल. बसायला जागा मिळते ती या वेळेपर्यंतच. खिडकीजवळ बसलेल्या माणसाच्या पायाशी निळी पिशवी आहे. तिच्यात डबा, पाण्याची बाटली, बदलायची पँट आणि रद्दी पेपरात गुंडाळलेला चार पौंडी हातोडा. हातोडा घरचा. सोसायटीत एक आहे, पण त्याचा दांडा ढिला झालाय. आज पाच चिरे फोडायचे आहेत.

वय त्रेचाळीस. गाव लांजा तालुक्यात. गेली अकरा वर्षं हा माणूस एसटीपीवर ऑपरेटर आहे. बिल्डिंगचं सांडपाणी साफ करणारा प्लँट चालवायचा. सध्याचा प्लँट गोराईत, बोरिवलीच्या बाजूला, खाडीजवळच्या एका सोसायटीत. सकाळी सात ते संध्याकाळी सात. ठेकेदाराकडून हातात साडेसतरा हजार. महिन्यात दोन सुट्ट्या. खोलीचं भाडं साडेपाच हजार, ते दर अकरा महिन्यांनी वाढतं.

सोसायटीचा वॉचमन राजापूरचा. तो यांना ‘गाववाले’ म्हणतो. हळूहळू सगळी सोसायटी तेच म्हणायला लागली. मीही तेच म्हणतो.

सकाळी ६:२५

बोरिवली स्टेशनपासून गोराई खाडीची बस. तिकीट दहा रुपये. शेअर रिक्षा लवकर पोचवते, पण तिला जास्त पडतात, म्हणून गाववाले बसच धरतात.

गोराईची ही बाजू म्हाडाने वसवली. जागतिक बँकेच्या मदतीची, १९८५ ची योजना होती. छोटे भूखंड, पाणी-रस्ता दिलेला, घर ज्याचं त्याने बांधायचं. त्या बैठ्या घरांवर आता दोन-तीन मजले चढलेत. मधेमधे टॉवर उभे राहिलेत. रस्ता संपतो तिथे तिवरं, मग खाडी. अलीकडे हिरवं गवत चढलेली टेकडी दिसते, ती कचऱ्याची. गोराईचं डम्पिंग ग्राउंड २००७ मध्ये बंद केलं आणि वर माती टाकून झाकलं. पलीकडे पॅगोड्याचा सोनेरी कळस. तिकडच्या गोराई गावातून पहिल्या लाँचने आलेल्या बायका जेट्टीवर टोपल्या उतरवतायत. एकीच्या टोपलीत कालवं, दुसरीच्या टोपलीत गवारी आणि वांगी.

खाडीवरून वारा येतो. जानेवारी आहे, थंडी बोरिवलीपेक्षा इथे जास्त लागते.

सकाळी ७:००

प्लँट तळघरात, पार्किंगच्या खाली. लोखंडी जिना, तेरा पायऱ्या. खाली उतरलं की आधी आवाज, मग वास. ब्लोअरचा आवाज दिवसभर असतो. गाववाले घरीही मोठ्याने बोलतात, बायको म्हणते एसटीपीत नाही आहात.

रात्रपाळीचा मुलगा परभणीचा, चोवीस वर्षांचा. तो लॉगबुक पुढे करतो. ब्लोअर एक चालू, दोन बंद. फीड पंप ठीक. हायपो अर्धा कॅन. मीटरचे आकडे. गाववाले सही करण्याआधी स्वतः फिरून बघतात. ब्लोअरच्या बेअरिंगवर हात ठेवून गरमी बघतात. मग सही.

पहिलं काम बार स्क्रीन. नाल्याच्या तोंडाशी जाळी आहे, तिच्यावर रात्रभराचं अडकलेलं असतं. केस, वाइप्स, सॅनिटरी पॅड, प्लास्टिकची झाकणं, एकदा एक मोबाईल. लांब दांड्याचा पंजा घेऊन ते ओढून काढायचं, बादलीत टाकायचं, चुना भुरभुरायचा. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. मोजे ठेकेदार देतो, तीन महिन्यांनी एक जोडी. फाटतात दीड महिन्यात. पुढची जोडी स्वतःच्या पैशाने.

टाकीत मात्र ते उतरत नाहीत. झाकण उघडायचं, बाहेरून काम करायचं. एप्रिल २०२४ मध्ये विरारच्या एका गृहसंकुलाच्या एसटीपीत चार कामगार गुदमरून गेले. नालासोपाऱ्याच्या पुढचंच स्टेशन. गाववाले त्याबद्दल फार बोलत नाहीत. झाकणाजवळच्या भिंतीवर त्यांनी ऑइल पेंटने लिहून ठेवलंय : आत जाऊ नये. सही करावी तशी खाली तारीख घातलीय.

सकाळी ७:४५

आता बिल्डिंग जागी झाली. आंघोळी, भांडी, वॉशिंग मशीन. पाइपातून धबधबा येतो. पाणी राखाडी, वर साबणाचा फेस.

एकशे साठ घरं. घरटी चार माणसं धरली तर सहाशे चाळीस. माणशी १३५ लिटर हे शहरासाठी धरलं जाणारं माप. म्हणजे दिवसाला शहाऐंशी हजार लिटर. ते आधी एका टाकीत साठतं, मग हवा मारलेल्या टाकीत जातं. तिथे जिवाणू मळ खातात. मग स्थिर टाकी, गाळ खाली बसतो. वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून, मग कार्बनच्या फिल्टरमधून. शेवटी हायपो, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण. बाहेर पडलेलं पाणी संडासच्या फ्लशला आणि बागेला. उरलेलं महापालिकेच्या गटारात. ते पंपांच्या साखळीतून मालाडकडे जातं आणि मालाडच्या खाडीत सुटतं.

गाववाले एक लिटरचा मोजनळा हवेच्या टाकीतून भरून घेतात. कॉफीच्या रंगाचं पाणी. तो टेबलावर ठेवून मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावतात. अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो ते बघायचं. आज तीनशे दहावर थांबला. ‘‘ठीक आहे,’’ ते म्हणतात. साडेचारशे झाला असता तर गाळ काढावा लागला असता.

सकाळी ८:५०

फिल्टर उलटे धुवायची वेळ. बॅकवॉश. पाच चाव्या आहेत, ठरावीक क्रमाने फिरवायच्या. कागद भिंतीवर चिकटवलाय, पण गाववाले त्याच्याकडे बघत नाहीत. काचेच्या तुकड्यातून पाणी दिसतं. आधी काळपट, मग पिवळसर, मग नितळ. वाळूला दहा मिनिटं, कार्बनला पंधरा.

हा कार्बन म्हणजे नारळाच्या करवंटीचा कोळसा, वाफेने भाजून सच्छिद्र केलेला. पंचवीस किलोच्या गोण्या येतात. वास, रंग तो आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं ते याच्यामुळे. फॉस्फेट, म्हणजे पाण्यात विरघळलेला फॉस्फरस, मात्र तो जवळजवळ धरतच नाही. आणि जिवाणूही फॉस्फेट थोडाच खातात, त्यांच्या अंगाला लागेल तेवढा. बाकीचा सगळा त्या स्वच्छ पाण्यातून पुढे जातो. रंग नाही, वास नाही. डोळ्याला कळतच नाही.

येतो कुठून? बहुतेक माणसाच्या लघवीतून. माणूस दिवसाला एक-दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. डाळ-भात-पोळीतून पोटात गेलेला. डाळ-भातात तो खतातून आलेला. थोडी भर काही कपड्यांच्या पावडरींची.

सकाळी ९:४०

गाववाले हातोडा घेऊन वर येतात. प्रवेशद्वाराजवळ बाग, बागेत कारंज्याचं तळं. वीस हजार लिटरचं. त्यात कमळं, गप्पी मासे. तळ्याच्या मागे, जास्वंदीच्या आड दोन निळे ड्रम आहेत. दोनशे लिटरचे, औषध कंपनीतून रिकामे झालेले. एका ड्रममधून दुसऱ्यात पाइप, दुसऱ्यातून तळ्यात. आत जांभा.

बिल्डिंगचा ताबा मिळाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. पाणी एसटीपीचंच. कारंज्याने उडतं, उन्हाने वाळतं, थोडं झिरपतं, म्हणून रोज पाचेकशे लिटर भर घालावी लागते. प्रत्येक भरीबरोबर फॉस्फरस आत येतो आणि बाहेर जात नाही. पाणी उडून जातं, तो राहतो. शेवाळ काढलं तरी पंधरा दिवसांत परत. मासे मेले. कमिटीने माळ्याला बोल लावला, माळ्याने गाववाल्यांना.

सोसायटीत रसायनशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका राहतात. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं की हा शेवाळाचा दोष नाही. कॅनडातल्या एका तलावाची गोष्ट सांगितली. ओंटारिओत २२६ क्रमांकाचा तलाव आहे. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्यात तेच, शिवाय फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला. विमानातून काढलेला तो फोटो जगभर पोचला. मॅडमनी तो मोबाईलवर सगळ्यांना दाखवला. मग म्हणाल्या, इतकं लांब कशाला, पवईला जाऊन या. १८९१ सालचा तलाव, आज जलपर्णी काढायला यंत्रं लावावी लागतात.

तळ्यात शेवाळ माजायला लिटरमागे मिलिग्रॅमचा काही शतांश फॉस्फरस पुरतो. एसटीपीच्या पाण्यात तो पाच मिलिग्रॅमच्या आसपास असतो.

२०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने तलाव-तळ्यात सोडायच्या पाण्यासाठी लिटरला एक मिलिग्रॅम ही मर्यादा धरली होती. या प्लँटच्या मासिक तपासणीच्या कागदावर फॉस्फरसचा रकानाच नाही. बीओडी आहे, सीओडी आहे, तरंगता गाळ आहे. सगळ्यात पास.

सकाळी १०:००

पाच चिरे तिथेच रचलेत. जांभ्याचे, तांबडे, भोकाभोकाचे. एकेक साधारण अठ्ठावीस किलो. रत्नागिरीकडून येणाऱ्या ट्रकमधून, मुंबईत पोचता सत्तर रुपयांना एक पडला. पाचांचे साडेतीनशे.

गाववाले रिकामं पोतं अंथरतात. त्यावर जुना लादीचा तुकडा. डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा, तोंडावर रुमाल. चिरा आडवा ठेवून कोपऱ्यावर घाव. जांभा काळ्या दगडासारखा ठणकत नाही. दबका आवाज येतो, आणि तो फुटतो तेव्हा आतून ओलसर, पिवळ्या-तांबड्या रंगाचा निघतो. आधी मुठीएवढे तुकडे. मग लिंबाएवढे. मग हरभरा. मग ज्वारी.

‘‘घर याच चिऱ्याचं आहे आमचं,’’ ते म्हणतात. ‘‘वडलांनी खाणीवर काम करून बांधलं. दिवसाला किती चिरे काढले त्यावर मजुरी. तेव्हा मशीन नव्हती, कुदळीने तासायचे.’’

मॅडमनी जांभ्याचं नाव काढलं तेव्हा पहिल्यांदा पटलं ते याच माणसाला. बाकीच्यांना दगडाने पाणी शुद्ध होतं हे खरं वाटेना. गाववाल्यांना वेगळीच गोष्ट आठवली. गावी भाताला सुपर फॉस्फेट टाकलं की पिकाला मिळत नाही, माती गिळते. कृषी अधिकारी गावात येऊन सांगायचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यावर बरंच काम केलंय. युरिया आणि डीएपी मिळून गोळ्या करायच्या आणि चार चुडांच्या मध्ये एक अशी चिखलात खोचायची, म्हणजे खत मुळाशी राहतं. गाववाल्यांच्या आईने त्या गोळ्या खोचल्यात. डीएपीची पिशवी आज साडेतेराशेला, पन्नास किलोची, सरकारी अनुदान धरून. त्यासाठी लागणारा खडक-फॉस्फेट बराचसा मोरोक्को-जॉर्डनकडून बोटीने येतो.

तर जी माती शेतकऱ्याचं खत गिळते, तीच इथे कामाला लावायची. जांभ्यात लोखंड आणि अल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर. लाखो वर्षांच्या पावसाने बाकीचं सगळं धुऊन नेलं, हे दोन उरले. पाण्यात त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिलचे गट असतात. फॉस्फेट आला की तो एका गटाला हलवतो आणि त्याच्या जागी बसतो, थेट लोखंडाला धरून. ही पकड पक्की असते. साध्या पाण्याने धुतलं तरी सुटत नाही.

‘‘पण जागा मोजक्या,’’ गाववाले हातोडा खाली ठेवून म्हणतात. ‘‘गणपतीतली एसटी. सीट भरल्या की भरल्या. मग कितीही हात करा, गाडी थांबत नाही.’’

मॅडमचा हिशेब वहीत आहे. असा चुरा किलोमागे एखादा ग्रॅम फॉस्फरस धरतो. एका ड्रममध्ये शंभर किलो, म्हणजे शंभर ग्रॅम. रोजच्या पाचशे लिटर पाण्यातून अडीच ग्रॅम येतो. म्हणजे एक ड्रम चाळीस दिवस. दोन ड्रम ऐंशी. परदेशात याहून जोरदार चीज मिळते. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेने १९९० च्या दशकात बेंटोनाइट मातीत लँथॅनम बसवून ती काढली. तिच्या शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅम मावतो, जांभ्याच्या दसपट. मॅडमना ती माहीत आहे. पण चिरा सत्तर रुपयांना मिळतो आणि फोडणारा माणूस पगारावर आहे. कमिटीने तेच मान्य केलं.

मी तिथे बसून एक गणित करतो. फक्त तळ्यापुरतं न करता सगळ्याच पाण्याचा फॉस्फरस जांभ्याने काढायचा ठरवला तर? शहाऐंशी हजार लिटर, पाच मिलिग्रॅमने चारशे तीस ग्रॅम. रोज चारशे तीस किलो चुरा. रोज एकवीस-बावीस चिरे. गाववाले आकडा ऐकतात आणि पुढचा घाव घालतात.

म्हणून मोठ्या पाण्याला दुसरा उपाय करतात. तुरटी किंवा फेरिक क्लोराइडचं द्रावण घालायचं, फॉस्फेट त्याच्याबरोबर गाळ होऊन खाली बसतो. मग गाळ वाढतो. तो उचलायलाही कोणीतरी लागतंच.

दुपारी १२:१५

मधे तीनदा खाली जाऊन आले. एकदा पॅनलचा अलार्म, एकदा हायपोचा कॅन बदलायला, एकदा सी विंगमधून फोन, फ्लशच्या पाण्याला वास येतोय म्हणून. वास नव्हता. त्यांच्या बाथरूमची जाळी तुंबली होती. तीही काढून दिली.

आता पाचही चिरे फुटलेत. दोन चाळण्या. वरची खडीची, खालची वाळूची. वरच्या चाळणीवर राहिलं ते परत हातोड्याखाली. खालून पडलं ती पूड, ती नको. ड्रममध्ये पूड गेली तर पाणीच पुढे सरकत नाही. मधलं हवं. एकशे चाळीस किलोतून शंभर किलो कामाचा चुरा निघतो, चाळीस किलो पूड. वजन भंगारवाल्याकडून आणलेल्या ताणकाट्यावर. दहा किलोच्या दहा पिशव्या.

उजव्या तळहाताला अंगठ्याखाली फोड आलाय. ते त्याच्यावर चिकटपट्टी लावतात. हातोड्याच्या मागच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली होती, या नव्या दांड्याला राहून गेली.

दुपारी १:००

डबा. भाकरी, कुळथाची पिठी, सुका जवळा. वॉचमन आणि माळी सोबत. जवळा काल जेट्टीवरून घेतलेला. वॉचमन बातमी देतो की कमिटीच्या मीटिंगमध्ये एसटीपीचा ठेका स्वस्त देणाऱ्याला द्यायचं चाललंय. गाववाले भाकरी मोडत राहतात. ठेकेदार बदलला की जुना माणूस ठेवतातच असं नाही. ठेवला तरी पगार पहिल्यापासून, पीएफ नंबर नवा. अकरा वर्षांत चार ठेकेदार झाले.

पंधरा मिनिटं तिथेच बाकावर आडवे.

दुपारी २:००

ड्रम रिकामा करायचा. हे सगळ्यात जड.

आधी मोजणी. मॅडम खाली आल्यात, हातात प्लास्टिकचा डबा. त्यात छोट्या बाटल्या, ड्रॉपर, रंगांचं कार्ड. तीन ठिकाणचं पाणी घ्यायचं. ड्रमच्या आधीचं, दोन ड्रमांच्या मधलं, शेवटचं. पहिलं पाणी दहापट पातळ करावं लागतं, नाहीतर रंग कार्डाच्या बाहेर जातो. त्यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. मॉलिब्डेटचे थेंब, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब, हलवायचं, थांबायचं. जितका फॉस्फेट तितकं निळं.

‘‘अहो, उन्हात नका धरू, सावलीत या,’’ मॅडम म्हणतात.

‘‘हो मॅडम.’’

पहिलं पाणी पाच. मधलं चार. म्हणजे पहिला ड्रम जवळजवळ भरला. शेवटचं अर्ध्याच्या थोडं वर. दुसरा अजून धरतोय. म्हणून आज दुसरा ड्रम पहिल्या जागी आणायचा आणि नवा चुरा मागे लावायचा. त्यामुळे अर्धवट भरलेला जांभा वाया जात नाही, आणि शेवटी नेहमी ताजा माल राहतो. साधी गोष्ट. त्यासाठी ड्रम हलवावा लागत नाही, पाइपांची जोडणीच बदलायची. गाववाल्यांनी टी-जोड आणि चार चाव्या बसवून तशी सोय केलीय. सामान साडेसहाशेचं लागलं होतं. ते बिल पास व्हायला दोन महिने गेले.

दुपारी २:३०

चावी बंद. तळाच्या नळाने पाणी सोडून दिलं. झाकण काढलं. आतला चुरा काळपट तांबडा, हाताला बुळबुळीत. ओला झाल्याने वजन वाढलेलं. ड्रम आडवा करता येत नाही, एकट्याने तर नाहीच. म्हणून वाकून, तगारीने उपसायचं. वरचा अर्धा भाग सोपा. मग कंबरेपर्यंत ड्रममध्ये वाकावं लागतं. माळी मदतीला येतो. एक उपसतो, एक तगारी नेतो. तेवीस तगाऱ्या. गाववाले दर सहा तगाऱ्यांनी सरळ उभे राहतात, दोन्ही हात कमरेवर, आणि खाडीच्या दिशेने बघतात.

उपसलेला जांभा ताडपत्रीवर पसरला. चार दिवस वाळेल. मग नारळाच्या आणि सोनचाफ्याच्या आळ्यात. माळ्याला वाटतं हे खत आहे. मॅडम सांगतात, खत आहे, पण फार हळू सुटणारं. ज्याने इतकं घट्ट धरलंय तो झाडालाही सहजासहजी देत नाही.

दुपारी ३:४०

नवा चुरा धुणं. घमेल्यात पिशवी ओतायची, नळ सोडायचा, हाताने ढवळायचं. लाल पाणी वाहतं. तीन पाण्यांनंतर गुलाबी, पाचव्याला साधारण स्वच्छ. दहा पिशव्या, प्रत्येकीला पाच पाणी. हात लाल झालेत, नखांच्या आत लाल. हा रंग आठवडाभर जात नाही. गाडीत लोक विचारतात, मेंदी काढली काय.

ड्रमच्या तळाला वीतभर गोटे, त्यावर नायलॉनची मच्छरजाळी, त्यावर चुरा. दर दोन पिशव्यांनंतर ड्रमच्या बाहेरून रबरी हातोडीने ठोकायचं, म्हणजे मधे पोकळी राहत नाही. पोकळी राहिली तर पाणी तिथूनच वाट काढतं आणि बाकीच्या जांभ्याला शिवतही नाही. पाणी खालून वर न्यायचं.  ताशी वीसेक लिटरने सोडलं तर ते काही तास जांभ्याच्या सोबत राहतं. घाई केली की फॉस्फेट बसायच्या आतच पाणी पुढे जातं.

चावी पाव फेरा. गाववाले बादली आणि मोबाईलचं घड्याळ लावून मोजतात. तीन मिनिटांत एक लिटर. बरोबर.

दुपारी ४:३०

खाली. गाळाची फिल्टर प्रेस आठवड्यातून दोनदा चालते, आज वार आहे. पंपाने गाळ कापडी पट्ट्यांत दाबायचा. पाणी निघून जातं, आत ओलसर काळी वडी उरते. चाक फिरवून पट्ट्या मोकळ्या करायच्या, खरवडून वड्या पोत्यात. आज दोन पोती. जिन्याच्या तेरा पायऱ्या, पोतं खांद्यावर. सकाळपासूनची कंबर इथे बोलते. दुसऱ्या पोत्याला परभणीचा मुलगा लवकर आला म्हणून वाचले. तो इथेच पंपरूमशेजारी राहतो.

संध्याकाळी ६:००

नव्या ड्रमचं पहिलं पाणी अजून लालसर आहे, ते बागेत सोडलं. पाण्याचा रंग गेल्यावर मॅडमनी परत थेंब घातले. थांबल्या. बाटली पांढऱ्या कागदापुढे धरली. निळं दिसत नाही. कार्डावरच्या सगळ्यात फिक्या चौकोनापेक्षाही फिकं.

‘‘झालं,’’ त्या म्हणतात. ‘‘पण ताजा आहे म्हणून इतका छान. आठवड्याने बघू, तो खरा आकडा.’’

वहीत तारीख, तीन आकडे, दोघांच्या सह्या. ही वही ठेकेदाराची नाही. मॅडमनी आणलेली, दोनशे पानी. गेल्या सगळ्या बदलांचे आकडे तिच्यात आहेत. गाववाल्यांचं अक्षर आधी तिरपं होतं, आता रकान्यात बसतं.

सेक्रेटरी ऑफिसवरून आले. तळ्याकडे बघितलं, मासे दिसतायत म्हणाले. खिशातून तीनशे रुपये काढून गाववाल्यांना दिले, चहापाण्याचे. पाच चिऱ्यांचे साडेतीनशे बिलात लागतील. फोडायचे, चाळायचे, धुवायचे, उपसायचे कुठल्याच बिलात नाहीत. मला ते बिलात हवे होते आणि मी तसं सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या मीटिंगमध्ये काढू म्हणाले. मॅडम म्हणाल्या, लेखीच देते.

संध्याकाळी ६:५०

आंघोळ प्लँटमधल्या नळावर. कपडे बदलले. हातोडा परत रद्दी पेपरात.

लॉगबुक रात्रपाळीच्या मुलाकडे. ब्लोअर दोन चालू, एक बंद. कार्बन फिल्टरचा प्रेशर जरा चढलाय, उद्या बघतो. ड्रमच्या चावीला हात लावायचा नाही, पाव फेऱ्यावर आहे. कोणी कारंजं जोरात लावायला सांगितलं तरी चावी फिरवायची नाही, मला फोन कर.

‘‘पुढचा बदल कधी, काका?’’

गाववाले बोटांवर मोजतात. मागचा ड्रम आता पुढे आलाय, थोडा भरलेला आहे, तो महिन्याभरात संपेल. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर एक. आणि त्याच्या पुढचा मार्चमध्ये.

मार्चमध्ये शिमगा. पालखी घरी येते, त्या आठ दिवसांत ते इथे नसतात. महिन्याच्या दोन सुट्ट्या साठवून आणि बाकीचा पगार कापून घेऊन जातात.

‘‘दहा चिरे मागवायला सांगतो एकदमच,’’ ते म्हणतात. ‘‘दोन्ही वेळचे फेब्रुवारीतच फोडून, चाळून, पिशव्यांत भरून ठेवतो. तू फक्त धुवायचे आणि भरायचे. धुताना पाच पाणी. चार नाही.’’

मुलगा मान हलवतो. मग विचारतो, उपसायला माळीकाका असतील ना. गाववाले म्हणतात, त्याला आजच सांगून ठेवलंय.